शून्य कापलेली पट्टी

लंबक टांगायचे पितळी चिमटे, बारा. सागवानी पाटावर ताणलेल्या दहा-दहा तारांचे पोटेन्शिओमीटर, आठ. भिंगं बसवायचे सरकत्या खुंट्यांचे लांब बाक, सहा. त्यातले दोन सरांना चालले असते, पण मला चालले नाहीत, म्हणून मोडून पुन्हा केले. उष्णतेच्या प्रयोगाच्या लाकडी पेट्या, आतून घोंगडीचं अस्तर लावलेल्या. तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, एकही वेढा दुसऱ्यावर न चढलेल्या. आणि मीटरपट्ट्या, वीस, शिवणीच्या लाकडाच्या, कारण शिवण पावसाळ्यात फुगत नाही.

मंडळी, या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एवढ्या वस्तू मी माझ्या हातानं केलेल्या आहेत. प्रत्येकीवर एका कोपऱ्यात 'ने' असा शिक्का आहे. ही यादी आधी वाचली, कारण वस्तूंबद्दल बोलताना माझा आवाज जागेवर राहतो. माणसाबद्दल बोलायला गेलो की राहील याची खात्री नाही. आज मी लिहून आणलं आहे ते त्यासाठीच. 

सूत्रसंचालकांनी माझं नाव देवराम नेवारे असं बरोबर सांगितलं, पुढे 'मेकॅनिक' म्हणाले. त्यात एक दुरुस्ती करतो. मी मोटारी भरतो, म्हणजे शेतावरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरतो. बाजारात पिंपळाच्या बाजूला दुकान आहे. शिक्षण आठवी. त्यापुढचं जे काही येतं, ते कोणी शिकवलेलं नाही. उघडून पाहिलं, बिघडवलं, पुन्हा जोडलं, तसं आलं. यात मला लाज नाही, उलट अभिमान आहे, आणि ज्यांच्या शोकसभेला आपण जमलो आहोत त्या रहांगडाले सरांना तो अभिमान आवडायचा. ते मला मिस्त्री म्हणायचे.

आणखी एक दुरुस्ती. माझ्याआधी तीन वक्त्यांनी सांगितलं की सर हसतमुख होते. सर हसतमुख नव्हते. वहिनी समोर बसल्या आहेत, त्यांनाच विचारा. सरांचा चेहरा कायम असा असायचा की जणू कुठेतरी काहीतरी गळतंय आणि ते कुठून, हे ते ऐकत आहेत. मागचा फोटो पाहा. सभेच्या आधी तो डावीकडे कलला होता. मी ओळंबा लावून सरळ केला. वाकडा राहिला असता तर सर त्या फोटोतून उतरून आले असते.

भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी सर इथे भौतिकशास्त्र शिकवायला आले. आल्या आल्या त्यांनी प्रयोगशाळेतला एक तुटका चिमटा घेऊन माझं दुकान गाठलं. मी दुरुस्त करून दिला. दुसऱ्या दिवशी परत. म्हणाले, "मिस्त्री, हा चिमटा दोरा चावून राहिला."

मी म्हणालो, सर, चिमटा आहे, चावणारच.

"धरायले सांगितलं होतं. चावायले नाही."

मग त्यांनी माझ्या ओट्यावर बसून समजावलं. दोरा जिथून सुटतो ती जागा एका रेषेसारखी नेमकी पाहिजे, नाहीतर दोऱ्याची लांबी कुठून मोजायची? मला ते पटलं. चिमटा चार वेळा परत आला. चौथ्या वेळी मी रागावलो होतो. पाचव्या वेळी आला नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं.

इथे सगळेच काही विज्ञानाचे नाहीत, म्हणून तो प्रयोग सांगतो. पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दोऱ्याला एक गोळा टांगायचा. झोका द्यायचा. झोक्याला किती वेळ लागतो ते पाहायचं, आणि दोऱ्याची लांबी पट्टीनं मोजायची. एवढ्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते ते काढता येतं. उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. आपल्या भागात ते, सेंटिमीटरच्या हिशेबात, नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास यायला पाहिजे. बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाचा हा प्रयोग, आणि इथून शिकून गेलेल्या प्रत्येकानं तो केलेला आहे.

केलेला आहे? मी म्हणालो तसं, पण ते खरं नाही. केलेला नाही. बसवलेला आहे.

हा शब्द या मंडपात बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला माहीत आहे. रीडिंग बसवणे. माझ्या धंद्यात बसवणं हा मानाचा शब्द आहे. बेअरिंग बसवणं म्हणजे ते असं जागेवर जाणं की हातानं फिरवलं तरी आवाज येऊ नये. प्रयोगशाळेत बसवणं म्हणजे आधी उत्तर लिहायचं आणि मग त्या उत्तराला साजेलशी मापं मागे मागे लिहीत जायची. गोळ्याला हात लावायची गरज नाही. मोठ्या भावाची जर्नल छोट्याला, छोट्याची मावसबहिणीला. सगळ्यांचं उत्तर नऊशे अठ्ठ्याहत्तर. परीक्षक खूश, निकाल चांगला, कॉलेज चांगलं.

आणि बाकं रिकामी. हे सर पहिल्यांदा बोलले. निकाल एवढा चांगला, तर पहिल्या वर्षानंतर अर्धी पोरं जातात कुठे? काऊन जातात? स्टाफरूममध्ये सांगितलं गेलं, खेड्यातली पोरं आहेत, त्यांना झेपत नाही. सर म्हणाले, त्यांना झेपत नाही हे तुम्ही मोजलं का? की हेही बसवलं?

तुम्हाला वाटेल ते पोरांना भाषणं देत असतील. नाही. ते एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. तिथे त्यांना दिसलं की देवरीकडच्या मुली प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळतात, कारण प्रॅक्टिकल संपतं तेव्हा त्यांची शेवटची गाडी गेलेली असते. इटियाडोहच्या कालव्याखालची पोरं रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत येत नाहीत, आणि परत येतात तेव्हा त्यांचे प्रयोग सुटलेले असतात. सुटले की विचारायची लाज. लाज वाटली की बसवायचं. बसवलं की काहीच कळत नाही. काही कळत नाही की कॉलेज सोडायचं. याला 'झेपत नाही' म्हणायचं.

सरांनी प्रॅक्टिकल सकाळी आणलं. त्यावरून स्टाफरूममध्ये जे झालं ते मी सांगत नाही, त्यातले काही जण इथे आहेत आणि आज दुःखात आहेत. रोवणी आटोपल्यावर सुटलेले प्रयोग पुन्हा घ्यायचे, हा नियम त्यांनी केला. आणि आणखी एक नियम. दिसेल ते लिहायचं. शाईनं. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडायचं नाही. बसवायचं नाही.

आता सुनीताचं सांगतो.

सुनीता कुंभरे. देवरीच्या पलीकडे जंगलातलं गाव. घरी थोडी धानाची शेती, बाकी मोह आणि तेंदूपान. त्या गावातून सायन्सला आलेली पहिली मुलगी. बोलायची कमी. मराठी बोलली तर झाडीची, म्हणजे आपल्या जंगलपट्ट्यातली बोली, आणि त्यावर पोरं हसायची. सर तिच्याशी झाडीतच बोलायचे. वर्गात मोठ्यानं विचारायचे, "काऊन झालं असं, सांग." 'का' म्हटलं की ती गप्प राहायची. 'काऊन' म्हटलं की उत्तर यायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण पोटेन्शिओमीटरच्या तारा ताणायला मी तिथेच असायचो.

वर्षाअखेरची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक आणि कॉलेजतर्फे सर. सुनीताला लंबक आला. मोजायला एकच जुनी पट्टी, एरवी कपाटात असायची, परीक्षेपुरती निघायची, आळीपाळीनं सगळ्यांना तीच. तिनं झोके मोजले. एक खरं सांगतो, झोके मोजताना नवी पोरं हटकून चुकतात. गोळा सोडला की पहिल्याच क्षणाला 'एक' म्हणतात. झोका अजून झालेला नाही, एक कुठून आला? सुरुवात शून्यापासून. ती शून्यापासून मोजायची. पहिल्या दिवसापासून.

तिचं उत्तर आलं एक हजार दहा.

आजूबाजूच्या सगळ्यांचं नऊशे अठ्ठ्याहत्तर. परीक्षा म्हटल्यावर सरांचा नियम पोरांनी खिशात ठेवला होता. परीक्षकांनी तिचा आलेख पाहिला. आलेखाची रेघ शून्यातून जायला पाहिजे, हिची बाजूनं चालली होती. त्यांनी विचारलं, ही रेघ शून्यातून का जात नाही?

ती म्हणाली, "जात नाई सर. मी दोन खेपा पाह्यलं. जातच नाई."

ते हसले. म्हणाले, बाळ, पृथ्वी तुझ्यासाठी वेगळी ओढते काय. नापास केलं. सरांनी हरकत घेतली, पण हरकत घ्यायला कारण लागतं, आणि त्या क्षणी सरांकडे कारण नव्हतं. उत्तर चुकलेलंच होतं. सरांनी सही केली.

मंडळी, ही सही सरांनी शेवटपर्यंत स्वतःला माफ केली नाही. मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं आहे, एकदा नाही.

संध्याकाळी ते तिच्या आलेखाची नक्कल घेऊन दुकानात आले. मी एक मोटार भरत होतो. माझ्या ओट्यावर कागद पसरून त्यांनी तिची रेघ फूटपट्टीनं मागे वाढवली, अगदी सावकाश. ती खालच्या आडव्या रेषेला तीनवर जाऊन लागली. तीन सेंटिमीटर. मग म्हणाले, "मिस्त्री, पोरगी खोटी नाही. पट्टी खोटं बोलून राहिली."

मी म्हणालो, शक्य नाही, ती पट्टी माझ्या हातून किती वेळा गेली आहे. जुनी, बाहेरच्या कंपनीची, पण सरळ. आणि माझी नजर वाईट नाही. ते म्हणाले, आणू? आणली. तिच्या टोकाला पितळी टोपी होती, तिचे दोन बारीक स्क्रू मी काढले. टोपी निघाली. आत लाकूड करवतीनं कापलेलं.

झालं असं होतं. फार वर्षांपूर्वी पट्टीचं टोक उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं. त्या वेळचा जुना परिचर, जो आता नाही, नेटका माणूस होता. त्यानं खाल्लेलं तीन सेंटिमीटर कापलं, काप तासून गुळगुळीत केला आणि टोपी पुन्हा बसवली. काम सफाईचं होतं, हे मी कारागीर म्हणून कबूल करतो. कॉलेजला नव्या पट्टीचा खर्च नको, एवढाच त्याचा विचार. आकडे दहा-दहावर छापलेले, त्यामुळे डोळ्याला काही कमी दिसत नव्हतं. शून्य कापून टाकलेलं होतं आणि त्यावर पितळ चढवलेलं होतं.

आता विचार करा. त्या पट्टीनं मोजलं तर नऊशे अठ्ठ्याहत्तर येऊच शकत नाही. कुणाचंही. कधीही. आणि इतक्या वर्षांत, इतक्या बॅचेसमध्ये, सगळ्यांचं आलं. त्यात पुढे डॉक्टर झालेले आहेत, इंजिनिअर झालेले आहेत, इथेच शिकवायला लागलेले आहेत. एकीचं आलं नाही, आणि ती नापास.

विद्यापीठात प्रॅक्टिकलचे गुण पुन्हा तपासत नाहीत. सरांनी अर्ज केले, जाऊन आले. नियम म्हणजे नियम. मग ते पट्टी काखेत मारून एसटीनं देवरीला गेले, तिथून पायी. मी सोबत होतो. सुनीताचे वडील दारात तेंदूपानाचे पुडे बांधत होते. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सरांनी टोपी काढून कापलेलं टोक दाखवलं. सगळं सांगितलं. पोरगी बरोबर होती, पट्टी चूक होती, तिला पुन्हा पाठवा, पुढच्या वर्षी मी स्वतः उभा राहीन.

वडिलांनी पट्टी हातात घेतली. कापावरून अंगठा फिरवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मास्तर, पट्टी खोटी होती. पोरीनं खरं लिवलं. मंग नापास पट्टीले कराचं होतं, पोरीले काऊन केलं?"

सरांचाच शब्द होता तो. काऊन. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला.

सुनीता आत चुलीपाशी होती. बाहेर आली, नमस्कार केला, पट्टीकडे पाहिलं, आत गेली. ती परत आली नाही. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सर दरवर्षी फॉर्म भरायच्या दिवसांत निरोप पाठवायचे. दरवर्षी.

येताना एसटीत सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हणालो, सर, ही पट्टी जाळून टाकू. मी नवी करून देतो, हवी तर शंभर करतो. ते म्हणाले, नव्या कर, पण ही राहील.

आणि तेव्हापासून या कॉलेजमध्ये जी रीत सुरू झाली ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. जूनमध्ये पहिल्या वर्षाची पोरं आली की सर त्यांना काही न सांगता हीच पट्टी द्यायचे. आळीपाळीनं सगळ्यांना. पोरं घरून, शेजारून, जुन्या जर्नलमधून उत्तर घेऊन यायची. नऊशे अठ्ठ्याहत्तर. सर सगळ्यांच्या वह्या गोळा करायचे, टेबलावर पट्टी ठेवायचे, पेचकसानं टोपी काढायचे. मग म्हणायचे, "तुमचं उत्तर बरोबर आहे. या पट्टीनं ते बरोबर येत नाही. आता सांगा, काऊन आलं?"

ओरडणं नाही, गुण कापणं नाही. वह्या परत. पुन्हा करा.

त्यानंतर त्या पोरांना बसवायला सांगून पाहा. पाहाच. मला माहीत आहे, कारण ती पोरं मग माझ्या दुकानात येऊन माझ्याच व्होल्टमीटरवर संशय घ्यायला लागली. एकानं मला सांगितलं, मिस्त्रीकाका, तुमचा काटा शून्यावर उभा नाही. मी त्याला हाकललं. तो गेल्यावर पाहिलं. नव्हता. कार्टं बरोबर होतं.

आणि बाकं भरलेली राहू लागली. आकडे मी सांगत नाही, ते माझं काम नाही. पण दुसऱ्या वर्षासाठी मला स्टुलं वाढवावी लागली, हे सांगतो. स्टुलं कोणी बसवून दाखवत नाही, त्यांच्यावर पोरं बसतात. देवरीकडच्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत गेल्या. एक आज नागपुरात शिकवते. ती म्हणायची, सरांच्या वर्गात चुकायची भीती नव्हती, लपवायची होती.

मग ती मूल्यांकनाची समिती आली.

कोणावर आरोप करायला मी उभा नाही. समितीतल्या साहेबांनी जर्नलं चाळली. पानापानावर रेघ मारलेले आकडे. त्यांनी विचारलं, एवढ्या चुका? सर म्हणाले, चुका सगळीकडे असतात, इथे त्या दिसतात. साहेबांना ते उद्धट वाटलं असेल. उद्धट होतंच थोडं. बाजूच्या दुसऱ्या एका कॉलेजची जर्नलं मोत्यासारखी होती, आणि त्यांना गुण जास्त मिळाले. त्यानंतर संस्थेत ठरलं की प्रॅक्टिकलचा निकाल शंभर टक्के दिसला पाहिजे. सरांना फक्त तासावर शिकवायचं काम दिलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लावून तिची किल्ली काढून घेतली. किल्ली देताना सरांनी एकच वस्तू घरी नेली. वहिनींनी परवा ती माझ्या हाती दिली. या धोतराच्या फडक्यात आहे ती.

आजार त्याच वर्षी निघाला. किडन्या. किल्ली गेली म्हणून किडन्या गेल्या असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे रीडिंग बसवणं होईल, आणि सरांच्या सभेत मी ते करणार नाही. दोन गोष्टी एका वर्षी झाल्या, एवढंच मी पाहिलं.

डायलिसिसच्या दिवशी मी गोंदियाला जाऊन त्यांच्याजवळ बसायचो. एकदा मशीनकडे बोट करून म्हणाले, मिस्त्री, याचा काटा कोण तपासतो? मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, काका, तुम्ही दोघं बाहेर बसा. सर हसले. मघाशी म्हणालो ना हसतमुख नव्हते. ते हसणं मोजून सांगतो, ते एक होतं.

शेवटच्या भेटीत बोलणं कमी झालं होतं. मी काहीबाही सांगत राहिलो, धान कसं आहे, कालव्याला पाणी सुटलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "पहिल्या वर्षाले पट्टी दिली का?" मी म्हणालो, सर, प्रयोगशाळा बंद आहे. मला खोटं बोलता आलं असतं. दिली म्हणता आलं असतं. मरणाऱ्या माणसाला लोक देतात तसलं काहीतरी देता आलं असतं. मी नाही दिलं. तसलं काही त्यांनी माझ्याकडून घेतलंही नसतं.

आता अध्यक्षसाहेब, तुमच्याशी बोलतो. तुम्ही मोठे आहात, मी मान ठेवून बोलतो. तुम्ही आत्ता जाहीर केलंत की प्रयोगशाळा उघडणार, तिला सरांचं नाव देणार, आणि जुनी उपकरणं काढून नवे संच आणणार. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, नाहीतर वाजल्या असत्या. ते संच मी पाहिले आहेत. नमुना माझ्या दुकानात आला होता. बंद डबा आहे. वर एक लंबक लटकतो, शोभेला. दोरा लांब करा, आखूड करा, गोळा न सोडता नुसतं बटन दाबा, समोर आकडा उमटतो. नऊशे अठ्ठ्याहत्तर. दरवेळी. आता पोरांना बसवायचीही तसदी नको. डबाच बसवून देतो.

साहेब, सरांचं नाव द्या, डबे आणू नका. डबे आणायचेच असतील तर सरांचं नाव काढा. दोन्ही एका दारावर लावू नका. माझी उपकरणं अडगळीत टाकायची असतील तर टाका, ती माझी आहेत, मी बैलगाडी घेऊन येईन. पण जूनमध्ये पहिल्या वर्षाची पोरं येतील. त्यांच्या हातात काय द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे. ज्यात चूक सापडते अशी पट्टी, की ज्यात चूक सापडूच शकत नाही असा डबा?

मी आता थांबतो. मौन पाळायचं आहे. सूत्रसंचालकांकडे घड्याळ आहे, ते राहू द्या. मंडपाच्या या आडव्या नळीला मी सकाळीच चिमटा लावून ठेवला आहे. चावत नाही, धरतो. गोळा टांगला आहे, दोरा एक मीटर, माझ्या पट्टीनं मोजलेला. साठ झोके होईपर्यंत आपण उभे राहू. ते दोन मिनिटांपेक्षा अगदी थोडं जास्त भरतं. जे जास्त भरतं ते सरांचं.

झोके मी मोजणार नाही. सुनीता आली आहे. देवरीहून पहाटेच्या गाडीनं आली, बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसली आहे. सभेच्या आधी तिनं मला एवढंच विचारलं, "मिस्त्रीकाका, पट्टी हाये का अजून?" मी फडकं सोडून दाखवली. तिनं वडिलांसारखाच कापावरून अंगठा फिरवला. मग मी तिला विचारलं, मोजशील का? ती हो म्हणाली. गोळा मी सोडेन, शून्य तेवढं ती मोठ्यानं म्हणेल, बाकीचं मनात, आणि साठ झाले की हात वर करेल.

शून्य म्हटल्यावर बोलायचं नसतं, म्हणून जे राहिलं ते आधीच सांगून टाकतो. बाहेर गेल्यावर दुसऱ्याकडून चुकीचं ऐकू नका. नमुन्याचा डबा घेऊन आलेल्या माणसाला डबा दाखवायचा नव्हता. त्याला माझ्याकडून ते डबे करून हवे होते, प्रत्येकावर माझा 'ने' शिक्का आणि खाली सरांचं नाव, कारण या भागातली पोरं त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतात असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. सरांची राख तेव्हा घरातच होती. रक्कम दोन लाख ऐंशी हजार रुपये, अर्धी आगाऊ, ओट्यावर ठेवलेली. मी नाही म्हणालो.

उठा मंडळी. सुनीता, मोज.